फोटोतली बोटं

कपाटाच्या खालच्या दोन खणांत मिळून तेवीस पुस्तकं होती. प्रियदर्शनीने ती एकेक करून सतरंजीवर उतरवली आणि वहीत नोंद केली. एकोणीस पुठ्ठाबांधणीची, चार मऊ कव्हरांची. दोन पुस्तकांचे कणे सुटलेले, एकाची शेवटची काही पानं गेलेली. सगळी इंग्रजी, सगळी जाडजूड, चकचकीत कागदाची, आणि सगळ्यांचा विषय एकच : रॉक आणि पॉप संगीताचा इतिहास, चित्रांसह. सर्वांत जुनं पुस्तक एकोणीसशे शहात्तरचं होतं, सर्वांत नवं दोन हजार अकराचं.

"वजनबी करून घे," स्वयंपाकघराच्या दारातून दुर्गामामी म्हणाली. "हे गोरे माह्या घरात चाळीस वर्सापासून फुकट राहून राहिले."

"लायब्ररीला यादी लागते, मामी. वजन नाही लागत."

"मंग केसायचं माप लिही. एकेकाचे केस माह्याहून लंबे हायत."

पलंगावर बसलेले भगवंतमामा हसले. हसताना तोंडाची उजवी कड अजून जराशी मागे राहत होती. नोव्हेंबरात त्यांना झटका आला होता. पाय सुधारला, बोलणं बरंचसं पूर्वीसारखं झालं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट तेवढं कामाला आलं, उरलेली तीन बोटं मात्र मिटायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, बघू. मामांनी चार महिने रबरी चेंडू दाबला आणि मार्चमध्ये एक दिवस तो शेजारच्या पोराला खेळायला देऊन टाकला.

मामा वीज कंपनीतून लाईनमन म्हणून निवृत्त झाले होते, पण अकोल्यात त्यांना त्या नावाने ओळखणारे थोडेच. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात पस्तीसेक वर्षं गिटार वाजवणारे ते डावरे, म्हणजे डावखुरे, मास्तर होते. एप्रिल महिना लागला की मूर्तिजापूरपासून शेगावपर्यंत त्यांना एक रात्र मोकळी नसे. यंदाचा एप्रिल त्यांनी घरात बसून, लांबून येणारे लाऊडस्पीकर ऐकत काढला. मग त्यांनी दोन फोन केले. गिटार अनुप खंडारेला द्यायची, हा त्यांचा पहिला शिष्य. तो रविवारी सकाळी येऊन नेणार होता. पुस्तकं भाचीच्या हवाली, तिच्या कॉलेजच्या लायब्ररीसाठी. प्रियदर्शनी अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होती. कॉलेजची गाडी सोमवारी काही कामाने अकोल्यात येणार होती, तीत पुस्तकं जातील असं ठरलं. यादी करायला ती शनिवारी सकाळच्या बसनेच आली होती.

"कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे लावायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"कायले?" मामा म्हणाले. "कव्हरवर केस बारीक अन् कोट असन तं साठचं साल. केस वाढले का सत्तर. सगळ्यायच्या पँटी चमकाले लागल्या का ऐंशी. अन् कोनीच हसून नाई राहिलं तं समज नव्वद."

तिने छापल्याचं साल न बघता मामांच्या रीतीने पुस्तकं लावून पाहिली, मग पानं उघडून ताडलं. तेवीसपैकी वीस बरोबर आली. तिने मनातल्या मनात मान डोलावली.

यादीत 'स्थिती' असा एक रकाना होता. तो भरण्यासाठी ती पानं उलटू लागली आणि तिला पहिला ठिपका दिसला. एका केसाळ गिटारवाल्याचा पानभर फोटो, आणि त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांवर पेन्सिलीने दिलेले तीन ठिपके. कडेला बारीक अक्षरात 'सा ग प'. चार पानांनंतर पुन्हा. पुढच्या पुस्तकात पुन्हा. मजकुराला कुठेही खूण नव्हती, तिथली पानं अगदी कोरी होती. खुणा होत्या त्या फक्त बोटांवर.

"मामा, हे ठिपके?"

"माही शाळा हाय ते," मामा म्हणाले. "जठारपेठेत एक रद्दीवाला होता. पंच्याऐंशी साली त्याच्यापाशी पहिलं पुस्तक भेटलं. तवा अकोल्यात गिटार शिकवनारा कोन होता? इंग्रजी मले येत नव्हतं, आताबी येत नाई. पन बोटं तं दिसतेत ना. फोटोत जिथं बोट, तिथं बोट ठेवाचं, तार छेडाची, अन् काय निंगालं ते पेटीवर पाहाचं. पेटी मले येत होती. जुळलं का लिहून ठेवाचं."

"सगळे फोटो असे पाहिले?"

"बोटं दिसनारे सगळे. काही लेकाचे नुसतेच धुरात उभे रायतेत. त्यायचा काही उपेग नाई."

प्रियदर्शनीने एक नवा रकाना आखला. दुपारपर्यंत मोजणी झाली : ठिपके असलेले फोटो दोनशे अकरा. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कोण कधी जन्मला, कोणाचं कोणाशी पटलं नाही, कोण केव्हा गेला हे पानोपान लिहिलं असेल. या घरात त्यातलं अक्षरही कोणी वाचलं नव्हतं. इथे चाळीस वर्षं फक्त हात वाचले गेले होते.

जेवायला बसल्यावर मामीने मामांच्या ताटात चमचा ठेवला. उजव्या हाताने घास नीट धरता येत नसल्याने ते डाव्या हाताने चमचा धरून जेवत. वरणभात चमच्यात चढे आणि तोंडापर्यंत येताना निम्मा परत ताटात. मामांचा कोपर वर उचललेला, मनगट ताठ. पहिल्या वर्षाची मुलं प्रयोगशाळेतलं नवं उपकरण असंच धरतात.

प्रियदर्शनीचा घास हातातच राहिला. तिला कळायला लागल्यापासून मामा डावरे होते. मग डावऱ्या माणसाला डाव्या हाताने चमचा धरता येऊ नये?

जेवणं उरकल्यावर मामा आडवे झाले. ती मामीला भांडी पुसू लागायला गेली.

"मामी, मामा खरंच डावरे आहेत?"

मामीने नळ बारीक केला.

"खिळा ठोकते उजव्या हातानं. सही उजव्या हातानं. माशी मारते तेबी उजव्या हातानं. डावरा कुठचा व माय!"

"मग लोक का म्हणतात?"

"लोकायले इचार. मी एकडाव इचारलं होतं, लग्न झालं त्या साली. तीन दिवस बोलले नाईत माह्याशी." मामीने नळ पुन्हा मोठा केला. "तू नोको इचारू. आता पहिलेच मन बारीक झालं हाय त्यायचं."

प्रियदर्शनी बाहेरच्या खोलीत आली. भिंतीवर फ्रेम केलेला एक फोटो होता. आठ-दहा वर्षांपूर्वी शिष्यांनी मास्तरांचा सत्कार केला होता, तेव्हाचा. मध्ये मामा, गळ्यात हार आणि गिटार, दोन्ही बाजूंना शिष्य आपापली गिटार घेऊन. हा फोटो तिने शंभरदा पाहिला होता, मोजला मात्र कधीच नव्हता. शिष्य अकरा. अकराही गिटारींच्या दांड्या एका दिशेला. मामांची एकट्याची उलट्या दिशेला.

ती पलंगासमोर सतरंजीवर बसली. ठिपक्यांचं एक पुस्तक उघडून तिने कपाटाला टेकवून उभं केलं आणि हात पुढे करून, गिटार नसताना, फोटोतल्यासारखं बसून पाहिलं. फोटोतल्या माणसाची दांडी तिच्या उजवीकडे जात होती. तिचा उजवा हात आपसूक वर गेला, दांडी धरायला. माणूस आरशात पाहतो तेव्हा असंच करतो. पण समोरचा आरसा नव्हता, माणूस होता. त्याचा हात डावा होता.

तिने हात खाली घेतला. तेवीस वर्षांच्या एका लाईनमनने याच जागी पुस्तक टेकवलं असेल. गिटार त्याच्या आधी अकोल्यात त्याने कोणाच्या हातात पाहिली असणार?

मामा कुशीवर वळले. त्यांचे डोळे उघडे होते. किती वेळापासून, ते तिला कळलं नाही.

ती उठली, पुस्तक हातात घेतलं, कपाटाचं दार ओढून त्याचा आरसा पलंगाकडे वळवला आणि पलंगाच्या मागे जाऊन, मामांच्या खांद्यावरून, ते पान आरशाला दाखवत उभी राहिली. आरशात तोच केसाळ माणूस होता, तेच तीन ठिपके. दांडी आता मामांच्या डावीकडे जात होती.

मामा उठून बसले. आरशात पाहत राहिले. मग मांडीवरचा त्यांचा डावा हात हळूच वर आला, तीन बोटं वाकली आणि हवेतल्या हवेत, दिसत होतं तिथे, एकेक करून टेकली. ती बोटं नीट मिटत होती.

"कोनं सांगतलं तुले?"

"फोटोंनी."

मामांनी हात खाली ठेवला.

"नागपूरले गेल्तो," ते म्हणाले. "एकोणनव्वदची गोष्ट. ऑर्केस्ट्रायची स्पर्धा होती. तवालोक मी दुसरा गिटारवाला पाहेलच नव्हता, सगळे आपले फोटोतले. स्टेजमांगं पाहतो तं सात जन. साती एकीकडं, अन् मी एकटा एकीकडं. मले चट्कन समजलं. घाम फुटला. तेवढ्यात तिथच्या माइकवाल्यानं इचारलं, 'काय हो, डावरे काय तुमी?' मले वाटलं, नाई म्हटलं तं इचारीन, मंग कोनं शिकवलं? अकोल्याचे पोट्टे बाजूले उभे. म्हटलं, हाव." ते आरशाकडेच पाहत होते. "एकडाव हाव म्हटलं. मंग तेच म्हनत राहिलो."

"बदलावंसं नाही वाटलं?"

"बोटं बसून गेल्ती. अन् पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम होता. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम नेहमीच असते."

प्रियदर्शनी पलंगाच्या कडेला बसली. तिला जे सांगायचं होतं ते वर्गात सांगितलं असतं तर आकृती काढून सांगितलं असतं. इथे तिने फक्त भिंतीकडे बोट केलं.

"तुम्ही शिष्यांना कसं शिकवलं?"

"समोर बसवून. पाह्य म्हनो माह्याकडं, अन् कर."

"म्हणून ते सगळे सरळ आले. तुम्ही फोटोकडे पाहून उलटे झालात, ते तुमच्याकडे पाहून सरळ झाले. दुसऱ्या मास्तरला समोर बसून असं शिकवता येत नाही, त्याला दर वेळी सांगावं लागतं, माझा डावा तो तुझा डावा. अकरापैकी अकरा, मामा. एकही चुकला नाही."

मामांनी फोटोकडे पाहिलं. ओठ हलले, ते मोजत असावेत.

"म्हंजे माही चूक माह्यापाशीच राहिली," ते म्हणाले.

"आणि तुमचा डावा हात चांगला आहे. दांडी त्यानंच धरायची असते. उजव्याला फक्त प्लास्टिकची पट्टी धरून तारा छेडायच्या. अंगठा आणि एक बोट पुरतं."

"चौसष्ट वर्साचा झालो मी, बाई."

"हो."

"पह्यल्यापासून शिका लागन. सा पासून."

"हो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. मामी दारात उभी होती.

"अन् उद्या अनुप येऊन राहिला," मामा म्हणाले. "त्याले काय सांगू? गिटार नाई देत? काहून नाई देत? डावऱ्या मास्तरचा हात गेला, हे समद्या गावाले माईत हाय."

प्रियदर्शनी वहीतल्या रकान्यांकडे पाहत राहिली. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

मग मामा म्हणाले, "पक्कड आन. खिडकीत हाय. अन् बारकी कानसबी."

तारा उतरवायला अर्धा तास लागला. मामा सांगत होते, प्रियदर्शनी करत होती. मामांच्या गिटारीवर तारा उलट्या क्रमाने चढवलेल्या होत्या, जाड तारेच्या जागी बारीक, बारकीच्या जागी जाड. दांडीच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिच्या खाचाही एका सुताराने त्या काळी तशाच उलट्या कोरून दिल्या होत्या. आता जाड तार अरुंद खाचेत बसेना. प्रियदर्शनीच्या पिशवीत कॉलेजचा, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर होता; तो दुरुस्तीहून आणून कॉलेजात परत द्यायला ती विसरली होती. तिने तारा मोजल्या. सर्वांत जाड एक पूर्णांक पस्तीस मिलिमीटर, सर्वांत बारीक शून्य पूर्णांक तीस. खाच कानसताना ती दर चार घासांना थांबून मापत होती.

"तू लाईनमन झाली असती तं खांबावरच म्हातारी झाली असती," मामा म्हणाले. "घास बिनधास्त."

"जास्त घासलं तर परत भरता येत नाही."

"तेबी खरं."

दिवेलागणीला शेवटची तार चढली. मामांनी गिटार मांडीवर घेतली नाही. भिंतीला टेकवून ठेवायला सांगितली आणि यादीच्या वहीकडे हात केला.

"हे सोमवारी पाठवू नोको सध्या. दोनशे अकरा फोटो पुन्हा पाहा लागतीन. आरशातून."

मामी म्हणाली, "म्हंजे या गोऱ्यायचा मुक्काम वाढला." मग आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं, कोणी मागितला नसताना.

अनुप रविवारी साडेनवाला आला. पंचेचाळिशीचा, शाळेत मास्तर, खांद्यावर गिटारीची रिकामी पिशवी. त्याने दारातूनच "जयभीम मास्तर" म्हटलं, मामीला वाकून जयभीम केला, प्रियदर्शनीला "केव्हा आल्या अमरावतीहून?" असं विचारलं. पिशवी मात्र त्याने दाराजवळ अशी ठेवली, जणू ती त्याची नव्हतीच.

"घाई नाई मास्तर," तो म्हणाला. "मी तं म्हनतो राहू द्या इथंच. भिंतीवर शोभते."

"पाह्य तं खरं तिच्याकडं," मामा म्हणाले.

अनुपने गिटार उचलली आणि सवयीने अंगठा तारांवरून फिरवला. मग थांबला. पुन्हा फिरवला, वरून खाली. दांडीच्या टोकाशी डोळे नेऊन पाहिलं.

"अरे! तारा पलटवल्या?" त्याचा चेहरा उजळला आणि लगेच कसनुसा झाला. "माह्यासाठी? काहून तरास घेतला मास्तर, मी घरी जाऊन केल्या असत्या."

मामी चहाचा ट्रे घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. प्रियदर्शनीने वहीतून मान वर केली नाही. हाव म्हणायचं, एवढंच होतं. गिटार पिशवीत जाईल, अनुप दोन कप चहा घेईल, जुन्या गोष्टी निघतील आणि बारापर्यंत सगळं आटपेल.

मामांनी उजव्या हाताची मिटत नसलेली बोटं डाव्या हाताने मिटवली, सोडली.

"तुह्यासाठी नाई," ते म्हणाले. "माह्यासाठी."

अनुपला कळलं नाही. तो त्यांच्या हाताकडे पाहू लागला, मग तारांकडे.

"मी डावरा नाई, अनुप. कधीच नव्हतो. मी फोटोत पाहून उलटं शिकलो अन् लोकायले खोटं सांगतलं."

 अनुपने गिटार हळूच मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"मले माईत हाय मास्तर," तो म्हणाला.

"काय माईत हाय?"

"सुरुवातीच्या वर्सी ताल चुकला म्हून तुमी मले दोन कानफटात हानल्या होत्या. दोन्ही उजव्यानं. डावरा मानूस उजव्यानं एवढ्या जोरात नाई हानत." त्याने गाल चोळला, जणू कालच बसल्या होत्या. "आमा समद्यायलेच माईत होतं. आमच्यातल्या पंजाबले एकट्याले चार बसल्या, त्याले तं पक्कं माईत."

"मंग बोलले नाईत कोनी?"

"तुमी म्हनले नाई, आमी इचारलं नाई."

मामी उंबऱ्यातून आत आली आणि ट्रे टेबलावर जरा जोरातच ठेवला. "मले नाई सांगतलं कोनी! तीन दिवस मुकी राह्यली होती मी या घरात!"

"तुले तं पह्यल्या दिवसापासून माईत होतं," मामा म्हणाले.

"माईत असनं येगळं, अन् सांगनं येगळं."

अनुप हसत हसत सतरंजीवर बसला, मांडी घालून, मास्तरांच्या बरोबर समोर, जसा तो सतरा वर्षांचा असताना बसत असे. मामांनी मान हलवली.

"तिथं नाई. समोर बसला तं मी पुन्हा उलटा होईन." त्यांनी पलंगावर आपल्या शेजारी हात थोपटला. "इथं. बाजूले बस, अन् मले दाखव."

अनुप उठला. क्षणभर अवघडला, मास्तरांच्या शेजारी पलंगावर तो कधी बसला नव्हता. मग त्याने चपला नसतानाही पाय झटकले आणि बसला. त्याने आपला डावा हात गिटार नसताना पुढे धरला, तीन बोटं वाकवली. मामांनी ती पाहिली. आपला डावा हात दांडीवर ठेवला, पहिलं बोट टेकवलं, मग दुसरं. तिसऱ्याला जागा सापडेना. अनुपने हात लावला नाही, थांबला. तिसरं बोट दोनदा घसरलं आणि बसलं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात त्यांनी पट्टी धरली आणि ती वरून खाली ओढली.

प्रियदर्शनीने मोबाइलवर वेळ मोजली होती. सहापैकी चार तारा वाजल्या. आवाज पाच पूर्णांक आठ सेकंद टिकला.